बारीक व्हॉल्व्हची ट्यूब आणि आमेरची चढण

सांगलीहून निघताना माझ्या बॅगेत चार साड्या, दोन ड्रेस, शेंगदाण्याची चटणी आणि सायकलच्या तीन ट्यूबा होत्या. चटणी साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात होती. ट्यूबा मात्र इरकलीच्या घडीत गुंडाळलेल्या होत्या, कारण त्या परदेशी होत्या. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "जयपूर एवढं मोठं शहर. तिथं ट्यूब मिळत नाही होय?" जो माणूस हवा भरायलासुद्धा सायकल दुकानात टाकून चहाला जातो, त्याच्याशी ट्यूबवर काय बोलणार!

मी हायस्कुलात तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सायकल धरली. पहाटे फिरणाऱ्या बायकांचा आमचा ग्रुप आहे. आम्ही सायकल चालवतो थोडी आणि सायकलीविषयी बोलतो फार. जयपूरला नातीसाठी ट्यूब न्यायची ठरली तेव्हा ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालली होती. मी लेकीकडून टायरच्या कडेचा फोटो मागवला. त्यावर सव्वीस गुणिले एक पॉईंट पंच्याण्णव असं लिहिलं होतं. माप कळलं. राहिला प्रश्न व्हॉल्व्हचा.

वाचकांना सांगते, व्हॉल्व्ह म्हणजे हवा भरायचं तोंड, आणि त्याच्या तीन जाती असतात. एक आपला देशी, दूधवाल्याच्या सायकलला असतो तो, आत काळ्या रबराची बारीक नळी असलेला. दुसरा जाड, स्कूटरला असतो तसा. आणि तिसरा बारीक, पेन्सिलीहून बारीक, टोकाला इवलासा स्क्रू, तो सैल केल्याशिवाय हवा आत घेत नाही असा मानी. आमच्या ग्रुपमध्ये ज्यांच्या सायकलला बारीक व्हॉल्व्ह आहे त्या बायका ज्यांच्या सायकलला जाड आहे त्यांच्याशी जरा हळू आवाजात, समजावून सांगितल्यासारखं बोलतात. माझा बारीक आहे.

तेव्हा नातीलाही बारीकच. दुकानदार बिचारा म्हणाला होता, "मावशी, आधी रिमचं भोक किती मोठं आहे ते बघून घ्या." मी म्हटलं, "मला शिकवू नका." हे वाक्य लक्षात ठेवा. मला तरी ते आता जन्मभर लक्षात राहणार आहे.

गाडीत समोरच्या बाकावर भिलवाड्याच्या एक बाई होत्या. साडीची घडी सरकून काळं रबर दिसलं तशा त्यांनी विचारलं, "कमर दर्द का पट्टा है क्या?" मी त्यांना अजमेर येईपर्यंत व्हॉल्व्हच्या तीन जाती सांगितल्या. अजमेरला त्यांनी जागा बदलली.

जयपूर स्टेशनवर लेक न्यायला आली होती. फेब्रुवारीची सकाळ, ऊन लख्ख, पण सावलीत गेलं की हुडहुडी भरत होती. लेकीचं नाव पल्लवी. रिक्षावाल्याला ती "भैया, धीरे चलो" म्हणाली आणि त्याच दमात मला म्हणाली, "आई, मतलब, तू मोठी बॅग का आणलीस?" सांगलीची पोर, पण बारा गावचं पाणी पिऊन मराठीत असा हिंदी चिखल झालाय. जावई सैन्यात मेजर आहेत आणि लष्करी वसाहतीत त्यांना क्वार्टर आहे. दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. खोकी, ट्रंका, नवं गाव, नवी शाळा.

मनवा, माझी नात, तेरा वर्षांची. मी पोचले तेव्हा ती अंगणात सायकल पुसत बसली होती. मला म्हणाली, "आज्जी, ये ना, रविवारी माझी टेस्ट आहे."

टेस्ट म्हणजे काय ते संध्याकाळी कळलं. वसाहतीतल्या तिच्या चार मैत्रिणी सायकलने शाळेत जातात. ही मात्र व्हॅनमधून जाते, केजीच्या पोरांबरोबर, कुणाचं तरी दप्तर मांडीवर घेऊन. मैत्रिणी शाळेच्या फाटकातून हसत हसत आत शिरतात, तेव्हा ही कुणाची तरी नाकं पुसत असते. तिनं वडिलांकडे हट्ट धरला. जावई म्हणजे कागदावर लिहिल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. त्यांनी अटी लिहून फ्रिजवर चिकटवल्या होत्या. आमेरपर्यंत जायचं, परत यायचं. वाटेत सायकलला काही झालं तर मनवानं स्वतःच्या हातानं दुरुस्त करायचं. काही झालंच नाही, तर परत आल्यावर अंगणात चाक काढून घालून दाखवायचं. सोबत एक मोठं माणूस, पण त्यानं हात लावायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. जमलं तर सोमवारपासून शाळेत एकटी. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी आपण इथं असू का?" मनवानं विचारलं. जावयांनी कागदाचं सुटलेलं टोक परत चिकटवलं. पोरगी मला नंतर म्हणाली, "आज्जी, प्रत्येक वेळी मैत्रिणी मागे राहतात. ह्या वेळी त्यांच्याबरोबर थोडं तरी जायचंय मला."

सोबतीला मोठं माणूस म्हणून मी जाणार होते. जावई मला म्हणाले, "आई, तुम्हाला जमेल ना? तोंड उघडायचं नाही, हे?" पल्लवी स्वयंपाकघरात जोरात हसली. तिचं हसू मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी दुपारी मी मनवाच्या सायकलला हात घातला. खरं तर तिच्या ट्यूबा ठणठणीत होत्या. जाड व्हॉल्व्हच्या, वर्षभर एक पंक्चर नाही. पण परदेशी ट्यूबा आणलेल्या, त्या काय परत न्यायच्या? मी दोन्ही चाकं काढली, जुन्या ट्यूबा ओढून काढल्या, नव्या घातल्या, आणि सगळा वेळ मनवाला व्याख्यान दिलं. आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, काटा राहिला असेल तर लागतो. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मग आत बसवायची, पीळ पडत नाही. मागचं चाक काढायच्या आधी चेन सगळ्यात लहान चक्रावर आणायची. पोरगी शहाणी, सगळं ऐकलं. मध्येच म्हणाली, "आज्जी, हा व्हॉल्व्ह भोकात हलतोय."

हलत होताच. जाड व्हॉल्व्हसाठी पाडलेलं भोक, त्यात आमचे बारीक साहेब मोकळेढाकळे डुगडुगत होते. त्या क्षणी मला दुकानदाराचं बोलणं आठवलं. आठवलं, आणि मी म्हटलं, "हवा भरली की बसेल." विज्ञानाच्या बाईंनी असं म्हटलं, बरं का.

पुढचा पराक्रम सांगायलाच हवा. मी जुन्या ट्यूबा कात्रीने कापून त्यांची वळी केली. आपल्याकडे जुनी ट्यूब कुणी टाकत नाही, डब्यांना लावायला तसं रबर बाजारात मिळत नाही. पल्लवीच्या लोणच्याच्या बरण्या, मसाल्याचे डबे, झाडूची मूठ, सगळ्यांना मी वळी चढवली. संध्याकाळपर्यंत घरातली एकूण एक वस्तू घट्ट झाली होती, नातीचा व्हॉल्व्ह सोडून.

हवा वसाहतीजवळच्या पेट्रोल पंपावर भरू म्हटलं. तिथला माणूस नळी घेऊन वाकला आणि तसाच वाकून राहिला. "माताजी, ये तो सुई है. इसमें हवा कहाँ से जाएगी?" मी त्याला टोकाचा स्क्रू, त्यामागचं तत्त्व, सगळं समजावलं. तो शांतपणे "हाँ जी" म्हणाला आणि मागच्या मोटारसायकलला हवा भरायला लागला. शेवटी मी पिशवीतला हातपंप काढून तिथंच उभ्याउभ्या भरली. मागं गाड्यांची रांग लागली होती.

रविवारी उजाडता उजाडता निघालो. मनवा तिच्या सायकलवर, मी पल्लवीच्या जुन्या लेडीज सायकलवर. तिला देशी व्हॉल्व्ह, ग्रुपमध्ये सांगण्यासारखी गोष्ट नाही. माझ्या कॅरिअरला डबा, त्यात पोळ्या नि चटणी, डब्याला अर्थातच रबराचं वळं. पिशवीत तिसरी ट्यूब, पंप आणि टायर उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या.

जुन्या शहरात शिरलो तेव्हा दुकानांची शटरं बंद होती आणि गुलाबी भिंतींवर ऊन नुकतं चढत होतं. बडी चौपडला (मोठा चौक) लोक पोत्यानं ज्वारी ओतत होते आणि कबुतरं त्यावर तुटून पडली होती. हवामहालासमोर एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. नवरीचा घागरा पार रस्त्यावर पसरलेला. फोटोवाला मनवाला ओरडला, "बेटा, फ्रेम से हटो!" मनवानं घंटी वाजवली, हटली नाही. मला पोरगी आवडली.

कोपऱ्यावर प्याज की कचोरी (कांद्याचं सारण भरलेली) तळून निघत होती. मी दोन घेतल्या. मी तोंड उघडायचं नाही ही अट खाण्याला लागू नाही, असा अर्थ मी लावला. कचोरी एवढी गरम की जीभ भाजली आणि जावयांना हवं होतं ते आपोआप साधलं. पुढे जलमहाल. पाण्यात उभा महाल, मागे डोंगर, पाण्यावर धुकं, आणि सगळ्यावर तळ्याचा तो वास. फोटोत वास येत नाही म्हणून लोक इतके फोटो काढत असावेत.

मग चढण लागली. आमेरचा घाट तसा छोटा, पण माझ्या वयाला पुरेसा. मनवा पुढे, सीटवरून उठून पायडल मारत होती. मी मागून बघत होते. उठून जोर लावला की मागचं चाक दचके आणि मला वाटे, व्हॉल्व्ह हलतोय. नजर तिथून हलेना. देवा, निदान गावात पोचेपर्यंत धर, म्हटलं.

देवानं शब्दशः ऐकलं. आमेर गावात शिरलो, किल्ल्याकडे निघालेले हत्ती दिसले, मनवा "आज्जी, बघ!" म्हणाली आणि फस्सकन आवाज झाला. मागचं चाक जमिनीला टेकलं.

बसथांब्याजवळ पंक्चरचं दुकान होतं. म्हणजे एक कडुलिंबाचं झाड, खाली खाट, एक कॉम्प्रेसर, आणि पाण्यानं भरलेला तसला (घमेलं). खाटेवर पांढऱ्या मिशांचे, लाल पगडीचे गृहस्थ चहा पीत बसले होते. नाव भंवरलालजी. ते लगेच उठले. मनवा म्हणाली, "अंकल, आप हाथ मत लगाना. मेरी टेस्ट है." भंवरलालजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ते परत बसले आणि मला चहा मागवला.

त्यानंतरचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला फार लांबलेला अर्धा तास होता. मनवानं चेन लहान चक्रावर आणली, सायकल उलटी केली, चाक काढलं. पट्टीनं टायरची कड उचकटायला गेली तर पट्टी दोनदा निसटली. माझे हात नुसते शिवशिवत होते. शेजारी भंवरलालजींचेही. त्यांचा पाना धरलेला हात आपोआप उठे आणि खाली येई. दोघंही कपातला चहा संपला तरी रिकामे कप तोंडाला लावत होतो.

तिनं ट्यूब काढली, टायरच्या आतून बोट फिरवलं. काटा नाही. त्या भागात रस्त्याकडेला गोखरू (आपले सराटे) पुष्कळ, म्हणून तिनं पुन्हा फिरवलं. काहीच नाही. मग ट्यूब भंवरलालजींनी नुसती बघायला मागितली, ताणली आणि मला दाखवली. व्हॉल्व्ह जिथं रबराला चिकटतो तिथं, अगदी मुळाशी, चीर गेली होती.

"काँटा कोनी (नाही), माताजी. छेद बड़ा, सुई छोटी, हिल-हिल के जड़ से फट गई. ये किस विद्वान ने डलवाई?"

आता ह्या ठिकाणी काय बोलायला हवं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "दुकानदार ने दिया."

मनवानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि पिशवीतून तिसरी ट्यूब काढली. तेहतीस वर्षं मी पोरांना सांगितलं, प्रयोग फसला तर वहीत फसला असं लिहा, खोटी उत्तरं लिहू नका. आणि आज लिंबाखाली बसून मी सांगलीच्या त्या भल्या माणसावर ढकललं. लाज वाटली. अगदी कान तापले.

ती तिसरी ट्यूब बसवायला लागली आणि मला घाम फुटला. ट्यूब नवी, पण भोक तेच. ही परतीच्या उतारावर फाटली तर? गावात पोरगी नुसती थांबली होती, उतारावर वेगात असेल, मागून बस असेल. बोललं तर टेस्ट गेली, शाळा गेली, मैत्रिणी गेल्या. नाही बोललं तर... मी ठरवलं. खड्ड्यात गेली टेस्ट.

"मनवा, थांब."

तिनं काळा झालेला तळहात माझ्यासमोर धरला. "आज्जी! तू बोलायचं नाहीस."

"अगं पण..."

"मला दिसतंय, आज्जी. हलतोय ना? काल पण मी बोलली होती."

ती चाक मांडीवर घेऊन व्हॉल्व्ह बोटानं हलवत राहिली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. भंवरलालजींकडे सव्वीसची ट्यूब नव्हती. तिथं सगळा मोटारसायकलींचा आणि जीपचा कारभार. मग तिची नजर माझ्या कॅरिअरवर गेली. उठली, पोळ्यांच्या डब्यावरचं रबराचं वळं काढलं, भंवरलालजींची कात्री मागितली, आणि त्याची एक अरुंद पट्टी कापली. ती पट्टी व्हॉल्व्हच्या बुडाशी घट्ट गुंडाळली, दोन वेढे, अडीच, मग काढून परत दोन. भोकातून दाबून घातला, वरून नट आवळला. हलवून बघितलं. हलेना. तिची स्वतःची जुनी ट्यूब, मी कापलेली, तीच मधे बसली होती.

"वाह, बाईसा (ताईसाहेब)," भंवरलालजी म्हणाले आणि पाना खाली ठेवला.

पंप मारून झाला. मला वाटलं, संपलं. पण ती पुढच्या चाकाकडे वळली. ते कुणी सांगितलेलं नव्हतं, कागदावर नव्हतं. पुढच्याही भोकात तोच डुगडुगणारा बारीक. तिनं हवा सोडली, टायर तेवढ्याच जागी उचलला आणि उरलेल्या वळ्याची पट्टी तिथंही गुंडाळली. डबा उघडा पडला, पोळ्या मी पदरात घेतल्या. चटणीबरोबर तिथंच खाल्ल्या. भंवरलालजींनाही दिल्या. त्यांना चटणी तिखट लागली, पण माघार घेतली नाही.

उतारावर ती ब्रेक धरून नीट उतरली. मी मागून येत होते आणि डोळ्यांना वाऱ्यानं पाणी येतंय असं स्वतःला सांगत होते. वाऱ्यानं नव्हतं.

घरी फाटकात जावई उभेच होते, घड्याळ बघत. "काही झालं?"

"मागचं चाक बसलं, बाबा. गोखरू असणार," मनवा म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरगी मला झाकत होती. सहामाहीच्या पेपरात मागच्या बाकावरच्याला झाकतात तसं.

ते मला सोसेना. म्हटलं, "गोखरू-बिखरू काही नव्हतं. ट्यूब मी चुकीची आणली. मला दुकानदारानं सांगितलं होतं, तरी आणली. काल हलताना दिसली, तरी हवा भरली. जुनी चांगली होती ती मी कापली. आणि तिथं विचारलं तेव्हा दुकानदारावर ढकललं. शिवाय मधे मी दोन शब्द बोलले, पण तिनं ऐकून घेतले नाहीत. जे केलं ते सगळं तिनं केलं."

पल्लवी दारात हात पुसत उभी होती. तिला हसावं का ओरडावं कळेना. जावयांनी सायकलशी बसून दोन्ही व्हॉल्व्ह बोटानं हलवून बघितले. मग उठले, आत जाऊन फ्रिजवरचा कागद काढला, खिशातलं पेन काढलं. मनवापुढे 'पास' लिहिलं. खाली जागा होती तिथं 'निरीक्षक' लिहून माझ्यापुढे 'नापास' लिहिलं आणि तो कागद दोन्ही हातांनी मला दिला. मनवा आधी माझ्या गळ्यात पडली, मग बापाच्या.

सोमवारी ती गेली. फाटकाशी चौघी थांबल्या होत्या, ही पाचवी. कोपऱ्यावर वळताना तिनं मागं बघितलं नाही. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण वाटलं ते थोडंच. दुपारी येताना ती स्वतः सायकलच्या दुकानात गेली, रिमच्या भोकावर बोट ठेवून दाखवलं आणि जाड व्हॉल्व्हच्या दोन ट्यूबा घेऊन आली. बसवताना मला बोलावलंही नाही. मी खिडकीतून बघितलं.

परतीच्या गाडीत बसवायला सगळे आले. माझ्या हातात मिठाईचा डबा, तो घरी उघड असं मनवानं दोनदा बजावलं. सांगलीला पोचून उघडायला गेले तर डब्याला रबराची दोन वळी, एकमेकांवर आडवी. काळं, मऊ, परदेशी रबर. एका वळ्यावर व्हॉल्व्हचं फाटलेलं मूळ तसंच ठेवलेलं. आत चिठ्ठी, "आज्जी, ही तुझी. आपल्याकडे जुनी ट्यूब कुणी टाकत नाही ना?"

ह्यांनी विचारलं, "मग? मिळत होत्या का जयपुरात ट्यूबा?" म्हटलं, "मिळतात. आणि माणसंही."

दुसऱ्या दिवशी पहाटे ग्रुपमध्ये सगळ्या जमल्या. मी जयपूरहून येऊन व्हॉल्व्हवर व्याख्यान देणार हे आधीच ठरलेलं होतं. मी ट्यूबा घेतल्या होत्या त्या दुकानाकडे सायकल वळवली, शटर उघडायची वाट बघितली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा, त्या दिवशी तुम्ही रिमच्या भोकाबद्दल काय सांगत होता, ते आता सांगा. मी ऐकते."